अर्धी मूद

आमच्या पुतणीला पीसीओडी असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्याच संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाला वैद्यकीची सनद मिळाली. पाळी तीन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस येतात, असं पोरगी कधीची सांगत होती. तेव्हा 'अभ्यासाचं टेन्शन' हे निदान एकमताने मंजूर झालेलं होतं.

आत्याने रिपोर्ट उजेडात धरून 'गाठी' वाचल्या आणि त्या काढूनच टाका म्हणून फर्मावलं. त्या गाठी नव्हेत, वाढ अर्धवट राहिलेल्या स्त्रीबीजाच्या पिशव्या आहेत, हे पुतणीने समजावून सांगितलं. पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकांचा जोर आणि सोनोग्राफीतलं ते चित्र, या तिन्हींतली दोन लक्षणं जुळली आणि दुसरा काही आजार नसला, की निदान होतं. 2003 साली रॉटरडॅमला तज्ज्ञांनी बसून हे ठरवलं. आत्याला त्या बैठकीचं बोलावणं नव्हतं, त्यामुळे तिने ते मानलं नाही. लग्न झालं की सगळं सुरळीत होतं, हा तिचा स्वतःचा निकष. आम्ही डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा वाचली. तीत नवरा कुठेही लिहिलेला नव्हता.

चिठ्ठीत होतं ते पिष्टमय पदार्थ कमी करण्याबद्दल. कारण साधं आहे. बऱ्याच जणींच्या पेशी इन्शुलिनला दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते आणखी सोडतं आणि हे जादा इन्शुलिन बीजांडकोशाला टेस्टोस्टेरॉन बनवायला फूस लावतं. भात-साखर आवरली की इन्शुलिनचा पूर ओसरतो. पटण्यासारखं आहे. फक्त ते महाराष्ट्रात अमलात आणायचं आहे.

पहिल्याच दिवशी आजी ताटाशी येऊन उभी राहिली. ताटात मटकीची उसळ, पालेभाजी, दोन अंडी आणि ताक. "आणि जेवलीस काय?" आजीने विचारलं. तिच्या लेखी भात म्हणजे जेवण. बाकी सगळं तोंडी लावणं. भात नको तर पोहे घे, ते हलके असतात. साखर नको तर गूळ घे, तो औषधी असतो. मग संकष्टी आली. उपवास म्हणजे कमीच खाणं, त्यामुळे तो डाएटला पूरकच, असं ठरलं आणि साबुदाण्याच्या खिचडीचा डोंगर ताटात अवतरला. वर बटाट्याच्या फोडी, शेजारी रताळ्याचा गोड कीस. शंभर ग्रॅम साबुदाण्यात 85 ग्रॅमच्या वर पिष्ट असतं, प्रथिनं नावापुरती. एवढा शुद्ध पिष्टाचा ऐवज बाजारात दुसरा शोधावा लागेल. पण तो उपासाला चालतो. उकडलेल्या अंड्याने मात्र धर्म बुडतो.

दुसरीकडे मोबाइलमधले गुरू. त्यांना मटकी ठाऊक नाही. त्यांचा सगळा भरवसा अ‍ॅव्होकॅडोवर आणि बदामाच्या पिठावर. या पिठाच्या किलोच्या भावात कित्येक किलो आंबेमोहोर येतो. वहिनीने हौसेने त्याची पोळी लाटायला घेतली. पिठाला चिकटपणा नाही. लाटण्याबरोबर वर आलं ते काठेवाडासह गुजरात, उरलेला भारत पोळपाटावरच राहिला. पुढे फ्लॉवर किसून त्याचा 'भात' झाला. आजोबांनी त्यावर वरण-तूप घेतलं, एक घास खाल्ला आणि घरात कोणाचं काही बिनसलंय का, अशी चौकशी केली.

एवढं करून हे गुरू सांगतात की कीटो डाएटने पीसीओडी मुळासकट जाते. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना मात्र म्हणतात की अमुक एकच आहार सरस, असा पुरावा नाही. झेपेल, टिकेल आणि पोषण देईल तो घ्यावा. पण 'झेपेल ते खा' या वाक्यावर कोर्स कसा विकणार?

गोळ्या आल्या तेव्हा आत्याने पाकीट ओळखलं. "अगं, ही मेटफॉर्मिन! ही तर माझी शुगरची गोळी. चुकून दिली वाटतं." म्हणून जाब विचारायला सगळं कुटुंब दवाखान्यात गेलं. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, चूक नाही, इन्शुलिनच्या याच दुखण्यावर ही गोळी चालते. मग त्यांनी विचारलं, घरात मधुमेह आणखी कोणाला? आजोबांना. आत्याला. दादा सीमारेषेवर, म्हणजे पँट गेल्या वर्षीची, बटण पुढच्या वर्षीचं. डॉक्टर म्हणाले, हे बरेचदा घराण्यातून येतं, तेव्हा एकट्या मुलीचं ताट का बदलता? सगळ्यांनीच आधी उसळ, भाजी, कोशिंबीर खा, मग भाकरी, आणि शेवटी भात, तोही अर्धी मूद. जेवल्यावर थोडं चाला.

परतताना रिक्षात कोणी बोललं नाही. पोरीच्या ताटावर इतके दिवस लक्ष ठेवणाऱ्या दादांनी घरात पाऊल टाकल्यावर तोंड उघडलं: हा डॉक्टर फारच टोकाचा आहे. ठराव एकमताने संमत झाला, पुतणीचं मत धरलं नाही, कारण ती पेशंट. आत्याने दुसऱ्या डॉक्टरांचं नाव सुचवलं आहे. दवाखाना जरा लांब पडतो, पण शेजारी मिसळ फार छान मिळते म्हणे.