डावीकडचा प्लग

घरच्या घरी कॉम्प्युटर जुळवायचा ठरवला, तेव्हा प्रोसेसर एका संध्याकाळी नक्की झाला. मदरबोर्ड, रॅम आणि एसएसडी दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा गार व्हायच्या आत. या सगळ्यात मिळून बरेच पैसे जाणार होते, पण घरात कुणी 'का रे बाबा' म्हणून विचारलं नाही. सोळा जीबी घ्यावी की बत्तीस, यावर आईचं काही म्हणणं नव्हतं. मग मी सहज म्हणालो, "आता फक्त कॅबिनेट राहिलंय," आणि सगळे खुर्च्या ओढून बसले.

वास्तविक त्या सगळ्या गोतावळ्यात कॅबिनेटइतकं बिनकामाचं कुणी नाही. ते बेरीज करत नाही, काही लक्षात ठेवत नाही, विजेच्या बिलात त्याचा छदामाचा वाटा नाही. पण ते दिसतं. प्रोसेसर एकदा पंख्याखाली गेला की त्याचं तोंड कुणी बघत नाही. कॅबिनेट मात्र हॉलमध्ये पाहुण्यांसमोर उभं राहणार. त्यामुळे त्यावर बोलायचा हक्क सर्वांना जन्मतःच मिळालेला असतो.

"नवीन कशाला? माळ्यावर आहे की एक," बाबा म्हणाले.

माळ्यावर 2001 सालचं आहे. मुळात ऑफ-व्हाइट, आता पिवळट. पंचाईत अशी, की बाबांचं म्हणणं निम्मं बरोबर होतं. 1995 साली इंटेलनं एटीएक्स नावाचं माप आणलं: बोर्ड 305 बाय 244 मिलिमीटर, स्क्रूची भोकं अमुक जागी, मागची पोर्टांची खिडकी अमुक एवढी. त्यानंतर प्रोसेसरच्या किती पिढ्या आल्या नि गेल्या, रॅमच्या खाचा बदलल्या, फ्लॉपी गेली, सीडीही गेली. भोकं मात्र जागच्या जागी आहेत. आमच्या सोसायटीत पार्किंगचे पट्टे एवढी वर्षं जागेवर राहिलेले नाहीत. म्हणजे आजचा बोर्ड त्या म्हाताऱ्या डब्यात खरंच बसला असता. बसत नव्हतं ते तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड. त्याची लांबी 300 मिलिमीटरच्या वर, आणि नेमक्या त्याच वाटेत जुन्या कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्कचा पिंजरा रिव्हेट मारून बसवलेला. शिवाय प्रोसेसरवरचा कूलर इतका उंच, की बाजूचं झाकण लागलं नसतं.

"मग झाकण उघडं ठेवायचं," बाबा म्हणाले. "आमच्या ऑफिसात उघडंच असायचं."

बाबांच्या ऑफिसात 486 प्रोसेसरचे कॉम्प्युटर होते. त्यांच्या कॅबिनेटला समोर टर्बो नावाचं बटण आणि मेगाहर्ट्झचा आकडा दाखवणारा दिवा असे. टर्बो दाबलं की आकडा बदले आणि साहेब मान डोलावत. त्या बटणाचं खरं काम मशीन हळू करायचं होतं, म्हणजे जुने प्रोग्रॅम आणि गेम वेड्यासारखे पळू नयेत. आणि तो आकडा कुणी मोजत नसे. मागे छोटे जंपर लावून जो ठरवाल तो दिसे. हे मी बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. ऑफिसात त्या आकड्यावरून कोणाला कोणतं मशीन मिळणार याची भांडणं झाली होती म्हणे.

भाच्याचं मत व्हिडिओ कॉलवर आलं. "मामा, ग्लासच घे. सगळीकडून ग्लास. आत आरजीबी. लोखंडी डबा आता फक्त बँकेत असतो." त्याच्या खोलीत जे आहे त्याला पुढून काच, बाजूनं काच, आणि आत सात रंगांचे पंखे फिरतात. त्यानं आईला ते कॅमेऱ्यातून दाखवलं. आई म्हणाली, "छान आहे. गणपतीत मखराला लावता येईल."

बायकोनं एकच प्रश्न विचारला. "ही काच उतरवून पुसायची असली, तर ठेवायची कुठे?"

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा खोल आहे. कॅबिनेटची काच टेम्पर्ड असते. तिचं पाठ-पोट दाबलेलं आणि गाभा ताणलेला असतो. सपाट बाजूवर बुक्की मारलीत तरी बहुधा हसेल. पण तिची कड चिनी मातीच्या लादीवर टेकली, की काचेपेक्षा कठीण अशा त्या लादीचा एखादा बारीक कंगोरा कडेला लागतो आणि सगळी काच एका क्षणात खडीसाखर होते. म्हणून जाणकार सांगतात, काच काढलीत तर कापडावर ठेवा, लादीवर कधीच नको. आमच्या घरात देवघरापासून बाल्कनीपर्यंत लादीच आहे. एकच जागा उरते, गादी.

"म्हणजे दर महिन्याला कॉम्प्युटरची काच गादीवर झोपणार," ती म्हणाली, "आणि आपण?"

आईचा मुद्दा पालीचा होता. "एवढी भोकं आहेत त्याला, पाल शिरेल." हसण्यावारी नेऊ नका. स्वस्त कॅबिनेटच्या मागच्या पट्ट्या हातानं मोडून काढायच्या असतात. चुकून जास्त मोडल्या, तर परत लावता येत नाहीत आणि तिथे कायमची फट उघडी राहते. पाल शिरली नाही तरी धूळ शिरते. आमच्या डोंबिवलीत एक रस्ता खोदून झाला की दुसरा खोदतात, त्यामुळे धुळीला सुट्टी नाही. त्यावर उपाय असा, की हवा आत ओढणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवायचे. मग आतला दाब किंचित वाढतो, हवा फटींतून बाहेरच जात राहते, आणि धूळ यायची ती समोरच्या जाळीतून, गाळून. पुढे अख्खी काच असेल तर हवेला कडेच्या फटीतून अंग चोरून यावं लागतं. मे महिन्यात ते तिला जमत नाही. तेव्हा पुढे जाळीच, असं मी अध्यक्षीय अधिकारात जाहीर केलं. भाच्यानं कॉल कट केला.

बाजूच्या काचेचा वाद मात्र मिटत नव्हता. मनातून मलाही ती हवी होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या टेबलांखालचे करडे डबे पाहिल्यावर माणसाला एखादा रंगीत पंखा पाहावासा वाटतो.

मग मी टेप घेऊन टेबल मोजायला गेलो. कॅबिनेटची काच असते डाव्या बाजूला, कारण बोर्ड उजव्या भिंतीला टांगलेला असतो. म्हणजे कॅबिनेट तुमच्या उजव्या हाताला उभं केलं तरच आतली रोषणाई तुम्हाला दिसणार. आमच्या हॉलमध्ये पंधरा अँपिअरचा प्लग डावीकडे आहे. टेबलाच्या उजवीकडे दिवाण, आणि दिवाण हलवायचा म्हणजे बाबांना हलवायचं. कॅबिनेट डावीकडेच येणार, आणि काच भिंतीकडे तोंड करून बसणार. उलट्या मांडणीची कॅबिनेटंही मिळतात म्हणा, पण त्यांच्या किमती ऐकून मी लगेच टेप गुंडाळली. भाचा, बायको, आई, बाबा, इंटेल या सगळ्यांना बाजूला सारून निर्णय दिला तो वीस वर्षांपूर्वी हा प्लग बसवून गेलेल्या वायरमननं: दोन्ही बाजूंना पत्रा.

लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात हे सांगायला थोडी लाज वाटली. या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि तिथल्याच मिनर्व्हात 'शोले' पाच वर्षं चालला. आता ज्या दुकानात जाल तिथे काचच काच, आणि काचेआड दिवाळी. "पत्रेवाला?" दुकानदारानं विचारलं. त्याच्या आवाजात सहानुभूती होती. "सर, सिर्फ पाँच सौ और, ग्लास ले लो." मी म्हणालो, प्लग डावीकडे आहे. त्याला काही कळलं नाही, पण त्यानं पोऱ्याला आत पाठवलं. मी जुन्या सवयीनं विचारलं, "एसएमपीएस आतच असेल ना?" पूर्वी कॅबिनेटसोबत तो वीजपुरवठ्याचा डबा यायचाच. दुकानदार नुसता हसला.

परतीच्या वाटेवर ग्रँट रोडहून दादर, दादरहून डोंबिवली, लगेजच्या डब्यातून. शेजारी रिकाम्या टोपल्या घेऊन बसलेल्या मावशींनी खोक्याकडे पाहून विचारलं, "फ्रिज का भाऊ?" कॅबिनेट आहे म्हटलं. "कशाचं?" कॉम्प्युटरचं. "आणि कॉम्प्युटर?" तो अजून यायचाय म्हटलं. त्यांनी पाय थोडे आखडून घेतले आणि मला बसायला जागा दिली.

घरी आईनं खोका टाकू दिला नाही. "गॅरंटी असते." खोका थर्मोकोलसकट माळ्यावर ठेवायचा, तर जागा करायला 2001 सालचं कॅबिनेट खाली काढावं लागलं. बाबांनी ते फडक्यानं पुसलं, झाकण उघडलं, आत बराच वेळ टॉर्च मारला.

"बोर्ड बसतो म्हणालास ना यात?"

"बसतो. पण कार्ड—"

"मला कशाला हवंय तीन पंख्यांचं," बाबा म्हणाले. "मला बारकं बघ. आणि हे समोरचं सीडीचं भोक बुजवू नकोस, चष्मा ठेवायला होईल."