चक्रपाणी

नौपाड्यात जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींपासून घोडबंदर रस्त्यावरील गगनचुंबी संकुलांपर्यंत, आणि डोंबिवलीच्या टिळकनगरापासून कल्याणच्या खडकपाड्यापर्यंत, अशी सहकारी गृहनिर्माण संस्था विरळाच असेल की जिच्या आवारात रविवारी सकाळी एक मध्यमवयीन गृहस्थ, अंगात विटका बनियन, नाकावर वाचायचा चष्मा आणि हातात पाना अशा थाटात, आपल्या लहानशा मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकासमोर उकिडवे बसलेले दिसत नाहीत. ह्या गृहस्थांना मी चक्रपाणी म्हणतो. विष्णूच्या बोटावरचे चक्र शत्रूचे शिर उतरवून परत येत असे आणि आमच्या चक्रपाणींचे चक्र आवाराच्या फाटकाबाहेर क्वचितच जाते, एवढा तपशिलाचा भेद सोडला तर हे नाव त्यांना शोभते अशी माझी समजूत आहे.

चक्रपाणी धंद्याने मेकॅनिक नसतो, ही त्याची पहिली खूण. तो एखाद्या बँकेत, विमा कंपनीत किंवा सरकारी कचेरीत नेकीने नोकरी करतो आणि तेथे जाण्यासाठी कामाच्या प्रत्येक दिवशी, मोटार घरी ठेवून, लोकलच्या दारात लोंबकळत जातो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली आणि पुढल्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली, ह्या इतिहासाचा त्याला अभिमान आहे. परंतु त्याच्या लेखी त्या इतिहासाचे मर्म निराळे आहे. फलाटावर गाडीची वाट पाहताना तो शेजारच्या इसमाला सांगतो की, रेल्वेच्या चाकाला एकही नट नसतो, ते कारखान्यातच प्रचंड दाबाखाली आसावर चढवलेले असते, आणि म्हणूनच दीडशेहून अधिक वर्षे ही गाडी कोणाच्याही निष्काळजीपणाला न जुमानता चालली आहे. शेजारचा इसम मान डोलावतो आणि पुढचा डबा पकडतो.

माझा ज्यांच्याशी घरोबा आहे त्या चक्रपाणींचे वडील डोंबिवलीच्या प्रीमियर कारखान्यात होते. नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ ही फरासी मोटार तेथे तयार होई. आज प्रीमियर ह्या नावाची ओळख नव्या डोंबिवलीकराला उरली असेल तर ती सभा-समारंभांच्या मैदानापुरती. पण आमच्या चक्रपाणींना तरुणपणी पित्याकडून जो उपदेश मिळाला तो अजून ताजा आहे. फरासी गाडीच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या तुंब्याला, नट चढवायचे स्टड नसतात, चाक दोन्ही हातांनी तोलून धरून भोकाशी भोक जुळवावे लागते आणि मग बाहेरून बोल्ट मारावा लागतो. सबब बोल्टाच्या गाडीचा आणि ती वापरणाऱ्याचा भरवसा धरू नये, असा तो उपदेश होता. पुढे ह्या उपदेशाने एक कौटुंबिक पेच उत्पन्न केला, तो यथाकाल सांगेन.

त्यांची स्वतःची गाडी स्विफ्ट. ती घेतली त्या वर्षीच कंपनीने दिलेली पोलादी चाके उतरवून माळ्यावर, पितळी परातींच्या शेजारी, जुन्या धोतरात गुंडाळून ठेवण्यात आली आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून चार अलॉय चाके आणण्यात आली. ह्या चाकांना वडीलधारी मंडळी अजून ‘मॅगव्हील’ म्हणतात, वास्तविक त्यांत असते ते ॲल्युमिनियम. चक्रपाणींच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, मात्र ह्या चाकांना पडलेल्या रकमेचे सोन्याच्या भावात रूपांतर करून ठेवले आहे आणि भाव वाढेल तसतसा तो आकडा त्या न चुकता सुधारून घेतात.

परंतु चक्रपाणींचे खरे रूप प्रकट होते ते दुसऱ्याचे चाक बिघडल्यावर. दुसऱ्या मजल्यावरच्या तरुणाने आपल्या होंडा सिटीला नवी चाके बसवली आणि चौथ्या दिवशी कल्याण-शीळ रस्त्यावर गाडीतून खट्-खट् असा आवाज येऊ लागला, तेव्हा त्याने ही गोष्ट जिन्यात सहज बोलून दाखवली. सहज बोललेल्या शब्दाची फिर्याद दाखल झाली. रविवारी नऊ वाजता फिर्यादीची जबानी झाली: आवाज कोणत्या वेगाला, वळणावर की सरळ, ब्रेक दाबल्यावर वाढतो की बसतो, चाके कोणी चढवली, हाताने की गनने. नंतर चाक उतरवून नटांचा मुद्देमाल वर्तमानपत्रावर मांडण्यात आला आणि वॉचमन, पेपरवाला व मी अशा तीन पंचांच्या समक्ष तहकीकात सुरू झाली.

“बूड बघा ह्याचं,” एक नट माझ्यासमोर धरून चक्रपाणी म्हणाले.

मी बूड पाहिले. ते वाटोळे होते.

“आता हे भोक बघा.”

भोक शंकूसारखे निमुळते होते.

होंडाच्या मूळ नटाचे बूड गोलाकार असते आणि बाजारात मिळणाऱ्या बहुतेक चाकांची बैठक साठ अंशांच्या शंकूची असते, हे एवढ्यावरून माझ्या ध्यानात यावे अशी त्यांची अपेक्षा होती. ते न आल्यामुळे पुढील अर्धा तास त्यांच्या सुखाचा गेला. चाक नटांवर टांगलेले असते हा जो सार्वत्रिक समज आहे तो त्यांनी प्रथम खोडून काढला. नट आवळला म्हणजे स्टड केसभर ताणला जातो, ताणलेला स्टड आखडू पाहतो आणि त्या आखडण्याने चाक हबवर घट्ट दाबले जाते. चाक धरून ठेवते ते ह्या दाबातून निघणारे घर्षण, नट केवळ त्या दाबाचा मुखत्यार. गोल बूड शंकूत टेकले की ते एका बारीक कड्यापुरतेच टेकते, मऊ ॲल्युमिनियम त्या कड्यावर चेपते, चेपले की ताण उतरतो, ताण उतरला की चाक हलू लागते आणि हलणारे चाक भोके लांबट करून टाकते. फिर्यादी फिकट पडला. हे सर्व त्याच्या आसनाखाली चार दिवस चालले होते.

नट बदलले, आवाज गेला. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे, आणि ती चक्रपाणींच्या उपहासकर्त्यांना फार जड जाते: हा मनुष्य बहुधा बरोबर असतो. अज्ञ माणसाचा सल्ला झटकता येतो. बरोबर असणाऱ्याचा सल्ला ऐकून घ्यावा लागतो आणि वर त्याला चहा द्यावा लागतो.

वायसर हे त्यांच्या दप्तरातील स्वतंत्र प्रकरण आहे. काही चाकांना, विशेषतः टोयोटाच्या जुन्या अलॉय चाकांना, सपाट बैठकीचे नट लागतात. नटाला खाली एक दांडी असते, ती भोकात शिरते आणि नटाच्या बुडाशी एक सुटा वायसर राहतो. नट फिरतो तो ह्या वायसरवर, त्यामुळे चाकाचा मऊ धातू खरवडला जात नाही आणि दाब रुंद जागेवर वाटला जातो. टायरवाल्याकडच्या पोऱ्याला हा वायसर जास्तीचा वाटतो आणि तो त्याला बाजूच्या डब्यात टाकून देतो. चक्रपाणी असा डबा दिसला की त्यात बोटे घालतात. त्यांच्या खिशात नाण्यांबरोबर सदैव दोन-चार वायसर खुळखुळत असतात, आणि घंटाळीच्या देवळात एकदा त्यांतला एक दक्षिणा म्हणून गुरुजींच्या तबकात पडला होता असे काकू सांगतात.

बंद तोंडाच्या, चकचकीत क्रोमच्या नटांवर तर त्यांचा विशेष राग. चाकाची बैठक पातळ आणि स्टड लांब असला म्हणजे स्टडचे टोक नटाच्या टोपीला आतून टेकते. पाना अडतो, आवळणाऱ्याला वाटते काम फत्ते, आणि चाक मात्र सैलच राहते. स्टड किती आत जातो हे पाहण्याची त्यांची युक्ती अशी की, नटाच्या पोटात मळलेल्या कणकेची गोळी बसवून तो चाकाच्या बैठकीला टेकेपर्यंत हाताने फिरवायचा, काढायचा आणि गोळी किती चेपली ते मोजायचे. युक्ती बिनचूक आहे. तक्रार आहे ती स्वयंपाकघराची.

आट्यांविषयी त्यांचे धोरण अधिक कडक आहे. त्यांच्या स्विफ्टचा स्टड बारा मिलिमीटरचा आणि समोरच्या आय-ट्वेंटीचाही बारा मिलिमीटरचाच, पण एकीचा आटा १.२५ अंतराचा आणि दुसरीचा १.५, त्यामुळे एकीचा नट दुसरीवर एक-दोन फेरे बिनतक्रार जातो आणि मग अडतो. सुज्ञ माणूस येथे थांबतो. गॅरेजमधला पोऱ्या गन लावतो. मानपाडा रस्त्यावरच्या एका गॅरेजात ह्या विषयावर झालेला संवाद मी ऐकला आहे.

“पहिले चार-पाच फेरे बोटांनी, मग पाना, तोही समोरासमोरचे नट धरून, आणि शेवटी टॉर्कचा पाना. पंच्याऐंशीवर,” चक्रपाणी म्हणाले.

“काका,” पोऱ्या अदबीने म्हणाला, “गाडी चालवायचीय की परीक्षेला बसवायचीय?”

चक्रपाणी रागावले नाहीत. त्यांनी पिशवीतून स्वतःचा टॉर्कचा पाना काढला, पंच्याऐंशी न्यूटन-मीटरवर लावला आणि नट आवळला. ‘कट्’ असा आवाज झाला. हा आवाज ऐकताना त्यांच्या मुद्रेवर जी तृप्ती पसरते ती मी फडके रस्त्यावरच्या दिवाळी पहाटेलाही तेथे पाहिलेली नाही. खंडेनवमीला हाच पाना पाटावर ठेवून त्याला झेंडूचे फूल वाहिले जाते. स्क्रूड्रायव्हर, पक्कड वगैरे उपदेवता खाली सतरंजीवर.

ह्या निर्दोष चाकांना एकच दोष आहे, तो असा की ती फिरत नाहीत. नव्याने बसवलेले चाक पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासावेत, हा नियम चक्रपाणींना श्रुतिवचनाप्रमाणे पूज्य आहे. पण गाडी महिन्याकाठी भाजी आणि तिटवाळ्याचा गणपती एवढीच चालत असल्यामुळे ती शंभरी भरता भरत नाही. तेव्हा एका पावसाळ्यात केवळ नियमपालनार्थ सहकुटुंब माळशेज घाटाची सहल काढण्यात आली. मुरबाड मागे पडले, डोंगर ढगात शिरले, मुले काचेला नाक लावून धबधबे मोजू लागली आणि काकूंनी थालीपिठांचा डबा उघडला, तोच गाडी कडेला थांबली. शंभर भरले नव्हते, पण पन्नासाची अट केव्हाच पुरी झाली होती. सारा महाराष्ट्र ज्या कड्यांकडे तोंड करून उभा होता त्यांच्याकडे पाठ करून आमचे चक्रपाणी नट तपासत बसले. एकही सैल निघाला नाही. परतीच्या प्रवासात ते काहीसे उदास होते.

हबच्या मधल्या भोकाचे प्रकरणही असेच अनिर्णित आहे. स्विफ्टच्या हबचा मधला गोल ५४.१ मिलिमीटर, बाजारातल्या चाकाचे भोक पुष्कळदा ७३.१; मधली फट भरण्यासाठी रिंग लागते, नाहीतर चाक किंचित बाजूला बसते आणि ताशी ऐंशीच्या सुमारास सुकाणू थरथरते. पण डोंबिवलीत ताशी ऐंशीचा वेग हा कल्पनाविलास आहे. खड्डे, रिक्षा आणि घरडा सर्कलचा खोळंबा ह्यांतून वाट काढणाऱ्याचे सुकाणू एरवीही थरथरतच असते. त्यामुळे ‘नाशिक महामार्गावर पडघ्यापुढे चाचणी घेणे’ असा शेरा मारून ती बाब तहकूब ठेवलेली आहे.

आणि मग घरात मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली. स्थळ घोडबंदर रस्त्यावरचे, मुलगा अभियंता, पत्रिका जुळलेली. ठरल्या दिवशी मंडळी आली ती फोक्सवॅगन पोलोमधून. खिडकीतून चाकांकडे एक दृष्टिक्षेप टाकताच चक्रपाणींचा चेहरा उतरला, कारण ती बोल्टाची गाडी होती. पाहुणे जिना चढत होते आणि यजमान तोच जिना उतरत होते. मुलाला त्यांनी खालीच गाठले. पुढची साक्ष मी पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून ऐकली.

“बोल्ट कुठले आहेत?”

“चौदाचे, दीडचा आटा. गोल बुडाचे.”

“चाकं कंपनीची?”

“हो, काका. बाहेरची घेतली असती तर शंकूचे बोल्ट शोधावे लागले असते.”

थोडा वेळ शांतता पसरली.

“आवळता कितीवर?”

“एकशेवीस. पाना डिकीत आहे, दाखवू?”

वर पोहे निवत होते. अर्ध्या तासाने दोघे आले, दोघांचेही हात काळे होते, आणि मुलीने कपबशांचा ट्रे आणला तेव्हा भावी वराने आधी साबण मागितला. स्थळ पसंत असल्याचे चक्रपाणींनी तेथल्या तेथे जाहीर करून टाकले. मुलाचा पगार किती, राहते घर कोणाच्या नावावर, धाकट्या बहिणीचे लग्न झाले आहे की व्हायचे आहे, ह्यांपैकी काहीच विचारले गेले नव्हते. ते काकूंनी दुसऱ्या दिवशी टेलिफोनवरून विचारून घेतले. मुलाच्या आईने सर्व प्रश्नांची नीट उत्तरे दिली आणि मग आवाज उतरवून एकच उलट प्रश्न केला: “तुमच्याकडेही रविवारची आंघोळ दुपारीच होते का हो?”