भूपातले उरलेले दोन

आत्याने तरुणपणी पांढरी पाचच्या पट्टीत गायलेला भूप साठ मिनिटांच्या एका कॅसेटवर आहे. तो लॅपटॉपवर उतरवून द्यायची हौस माझी. अँप्लिफायरची वायर लॅपटॉपला जोडली आणि गाण्याच्या आधीच 'घूंऽऽ' सुरू झालं. आत्याने डोळे मिटून ऐकलं. "माझ्यामागे दुसरा तंबोरा घेऊन कोण बसलंय रे? चढलाय जरा."

"हमिंग आहे ते. काढतो की!" दाताचे डॉक्टर दाढेबद्दल बोलतात त्या सुरात मी म्हणालो.

नॉच फिल्टर नावाचं हत्यार सापडलं. हव्या त्या वारंवारतेवर खाच पाडायची, की तेवढाच आवाज कापला जातो. प्रोग्रॅममध्ये 60 हा आकडा आधीच भरलेला होता, म्हणून पहिली खाच तिथेच. 60 हर्ट्झची वीज अमेरिकेत असते. तिकडचं हमिंग गेलं असेल, आमचं जागेवरच. आपली वीज 50ची. तिथे खाच पाडली, तर मागे 100, 150, 200 अशी पिलावळ हजर. मग मला चेव चढला. पन्नासचा पाढा म्हणत 400पर्यंत खाचा पाडल्या, आणि कंजुषी नको म्हणून चांगल्या ऐसपैस.

घूं गेलं. तंबोराही गेला. आत्या मात्र मधूनमधून होती.

त्याचं गणित मला नंतर कळलं. पांढरी पाचचा मध्य षड्ज 196 हर्ट्झ, गंधार 247, पंचम 294. माझ्या खाचा 200, 250, 300वर. (आत्याचा कान बघा: तंबोरा खरंच चढलेला होता!) भूपाच्या पाच स्वरांपैकी तीन मी खणून काढले होते. रिषभ आणि धैवत दोन खाचांच्या मधे सापडले म्हणून वाचले.

"मी भूप गायले होते ना?" आत्याने विचारलं.

"हो."

"मग हा कुठला राग?"

शेजाऱ्यांनी थ्री-पिनची अर्थची पिन उपटायचा सल्ला दिला. असे सल्लागार गल्लोगल्ली असतात. त्याने कधीकधी हमिंग जातंही, पण अर्थिंग असतं ते आपण जाऊ नये म्हणून. शेवटी मांडवात स्पीकर लावणाऱ्या एका पोराला बोलावलं. त्याने वायरींकडे एकदा पाहिलं आणि लॅपटॉपचा चार्जर काढला.

शांत!

"लूप झाला होता, काका. अँप्लिफायरला अर्थिंग, चार्जरलाही अर्थिंग, आणि तुम्ही दोघांना ऑडिओच्या वायरने जोडलंत. फेरा पूर्ण झाला, वीज फिरत बसली. बॅटरीवर चालवा."

कॅसेटची एक बाजू 30 मिनिटांची. माझ्या लॅपटॉपची बॅटरी विलंबित ख्याल संपेपर्यंत टिकली आणि द्रुत सुरू होताच तिने मान टाकली.

पोराने स्वतःचा लॅपटॉप काढला. आत्या आत गेली, उरलेल्या कॅसेटांची पिशवी घेऊन आली आणि ती त्याच्या हातात दिली. मला म्हणाली, "तू चहाचं बघ."