वसंत कसा ओळखावा: बर्फ नसलेल्या गल्लीसाठी प्राथमिक धडे

मार्च उजाडला की शिकागोतला भाचा फोटो पाठवतो: अंगणात मळकट बर्फ, त्यातून डोकं वर काढणारं एक जांभळं फूल आणि खाली ‘स्प्रिंग आला!’ ते पाहून औराद, भालकी, आळंदकडचा माणूस खट्टू होतो. आपल्याकडे बर्फच नाही, तर वितळणार काय आणि वसंत आल्याचं कळणार कसं? घाबरू नये. पुढील धडे अशाच होतकरूंसाठी आहेत.

साहित्य: एक गोधडी, एक खराटा, गल्लीत किमान एक कडुनिंब आणि तक्रारखोर शेजारीण. भिंतीवरचं कॅलेंडर असल्यास उलटं टांगावं.

पायरी 1. पंचांगावर विसंबू नका. शास्त्राप्रमाणे वसंत चैत्र-वैशाखात. पण वसंत पंचमी माघात येते, आणि आपल्या भागापुरतं तिचंच खरं मानावं. चैत्राची वाट पाहिलीत तर थेट उन्हाळाच गाठ पडेल. एप्रिल-मेमध्ये कलबुर्गी विभागातल्या सरकारी कचेऱ्या सकाळी 8 ते दुपारी 1:30 चालवण्याचा आदेश निघतो. उन्हाळ्याची अशी दरबारी नोंद होते. वसंतासाठी कोणी परिपत्रक काढत नाही. ते काम तुमचं.

पायरी 2. गोधडीचं निरीक्षण करा. वेळ अमावस्येला शेतात भज्जी-आंबील जेवून आलात, त्या रात्री गोधडी नाकापर्यंत होती. संक्रांत गेली, ती छातीवर आली. माघ सरता सरता मध्यरात्री ती पायाशी सापडते आणि पहाटे घरातल्या दोघांत तिच्यावरून ओढाताण होते. ही ओढाताण म्हणजेच वसंत. गोधडी धुऊन माळ्यावर गेली की संपला.

पायरी 3. शेजारणीचं ऐका. “आत्ताच झाडून काढलं की वो काकू, पुन्हा पाला!” हे वाक्य कानी पडताच तारीख लिहून ठेवा. नवशिके इथे हमखास फसतात. पानगळ म्हणजे शरद, असं त्यांनी कुठल्याशा परदेशी सिनेमात पाहिलेलं असतं. आपल्याकडचा कडुनिंब इतका सावकाश वागत नाही. जुनी पानं अंगणात पडत असतानाच शेंड्यांना तांबूस, तुकतुकीत पालवी फुटते. खाली बघणाऱ्याला कचरा दिसतो, वर बघणाऱ्याला वसंत. खराटा हाती असलेल्याने दोन्हीकडे बघावं.

पायरी 4. माळाकडे जा. बीदरच्या तांबड्या जांभ्या दगडाच्या माळावर किंवा चिंचोळीच्या जंगलाकडे पळस शोधा. पळसाला पानं तीनच, हे पाठ असलेल्यांची इथे पंचाईत होते. ऐन बहरात त्याच्या अंगावर बहुधा एकही पान नसतं. नुसती केशरी फुलं. ओळख पटवायला पानं मोजत बसू नये.

पायरी 5. पाहुण्यांवर नजर ठेवा. ज्वारी दाण्यात आली की भोरड्यांचे थवे उतरतात आणि शेतकरी गोफण घेऊन माळ्यावर चढतो. या भोरड्या मध्य आशियाच्या गवताळ मुलखातून येतात. बर्फाच्या मुलखाशी नातं असलेले हेच आपले हक्काचे जाणकार. ज्वारी सोडून त्या पळसाच्या आणि काटेसावरीच्या फुलांतला मध पिऊ लागल्या, की तज्ज्ञांचा अहवाल आला असं समजावं. त्यावर दगड भिरकावू नये.

पायरी 6. एकाच ऋतूला दोनदा भेटा. बीदर समुद्रसपाटीपासून सुमारे 2,200 फुटांवर, कलबुर्गी 1,500 च्या आसपास. त्यामुळे बीदरला सकाळी स्वेटर घालून 2017 साली सुरू झालेल्या मार्गावरची रेल्वे धरली, तर कलबुर्गीला उतरेपर्यंत तो हातावर येतो. उलट्या दिशेने निघालात तर हुकलेला वसंत काही दिवसांपुरता परत मिळतो. ही सवलत शिकागोत नाही.

नेहमीच्या चुका

तुरीच्या राशी पाहून वसंत जाहीर करणं. कलबुर्गीच्या तूर डाळीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे खरं; पण रास होते ती थंडीत.

गुलमोहराची वाट पाहणं. तो फुलेल तेव्हा तुम्ही कुलरसमोर असाल.

शरणबसवेश्वरांचा रथ ओढताना वसंत शोधणं. होळीनंतरच्या त्या जत्रेत उसाच्या रसाची रांग पाहावी आणि शोध थांबवावा.

जाणत्या मामांना विचारणं. “मामा, वसंत आला का?” “आलता की. गेला बी.”

परीक्षा

पाडवा आणि उगादी एकाच दिवशी, त्यामुळे मराठी-कन्नड दोन्ही माध्यमांचा पेपर एकच. कडुनिंबाचा फुलोरा गुळात कालवून खायचा. चव घेताना “याला पालवी फुटली तेव्हा मी बघितलं होतं” असं म्हणता आलं तर पास. तोंड वाकडं करून फक्त “कडू!” म्हणालात तर नापास, पण काळजी नको, पुरवणी परीक्षा पुढच्या माघात, फी नाही. भाच्याला मात्र निकाल लगेच कळवू नये. त्याचा बर्फ अजून वितळतोय. त्याच्या आधी आपला अभ्यासक्रम संपला, हे त्याला झेपणार नाही.