खोटी पावती, खरं कर्ज

नेरळ, कर्जत, खोपोली. कुठल्याही स्टेशनाबाहेर पडा, घरांच्या जाहिराती अंगावर येतात. विमानतळ जवळ, डोंगर समोर, लोकल दाराशी. आणि सगळ्यात ठळक अक्षरांत एकच आश्वासन: डाउन पेमेंट भरायचं नाही, शंभर टक्के लोन.

शंभर टक्के? देतं कोण?

बँक देऊ शकत नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम साधा आहे. कर्ज 30 लाखांपर्यंतचं असेल तर घराच्या किमतीच्या फार तर 90 टक्के. 30 ते 75 लाखांना 80 टक्के, त्यावर 75. उरलेले पैसे घेणाऱ्याने स्वतःच्या खिशातून घालायचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च तर त्या हिशेबात धरतच नाहीत. सवलत आहे ती 10 लाखांपर्यंतच्या घराला.

दहा लाखांत घर? कर्जतमध्ये आता विचारून बघा.

मग हे शंभर टक्के येतात कुठून? कागदातून. पंचवीस लाखांचा फ्लॅट करारनाम्यात अठ्ठावीस लाखांचा होतो. अठ्ठावीसचे 90 टक्के म्हणजे 25 लाख 20 हजार. बिल्डरला त्याची पूर्ण किंमत मिळाली, एजंटला कमिशन मिळालं, तुम्हाला चावीचं वचन मिळालं. पण कर्जाच्या अर्जावर सही एकाचीच.

ती सही तुमची.

आता पासबुक उघडा. बँकेला ‘ओसीआर’ लागते, म्हणजे तुम्ही स्वतःचा वाटा भरल्याची पावती. रोख भरल्याचं दाखवता येत नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने 2015 पासून बंदी आहे. म्हणून सकाळी कुणीतरी तुमच्या खात्यात 2 लाख 80 हजार टाकतो आणि दुपारी तेच पैसे तुमच्या चेकने बिल्डरकडे जातात. पासबुकात एकाखाली एक दोन ओळी. तारीख एक, रक्कम एक. शिल्लक होती तेवढीच.

फाइल तपासणाऱ्याला या दोन ओळी दिसत नाहीत? दिसतात. पण महिनाअखेर असते, टार्गेट असतं.

बरं, यात घेणाऱ्याचं वाचलं काय? पंचवीस लाखांवर रीतसर कर्ज घेतलं असतं तर साडेबावीस लाख मिळाले असते, अडीच लाख स्वतःचे घालावे लागले असते. ते टाळायला कर्ज 2 लाख 70 हजारांनी वाढवलं. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं धरा. या वाढीव कर्जाचेच 5 लाख 60 हजार फेडावे लागतात. शिवाय फुगवलेल्या तीन लाखांवर मुद्रांक शुल्क, नोंदणी, जीएसटी मिळून वीस-पंचवीस हजार वेगळे. न दिलेल्या किमतीवर भरलेला कर!

काही जण दुसरी वाट दाखवतात. मार्जिनसाठी, म्हणजे स्वतःच्या वाट्यासाठी, पर्सनल लोन. अडीच लाख, चौदा टक्के, पाच वर्षं: महिना 5,800. घराचा हप्ता साडेएकोणीस हजार. बेरीज पंचवीस हजारांच्या वर. खोपोलीच्या कारखान्यात कंत्राटावर असलेल्या माणसाने हे द्यायचे आणि ताबा मिळेपर्यंत खोलीचं भाडंही भरायचं. एक पाळी बंद झाली की?

की हप्ता थकला. आणि बँकेची नोटीस एजंटच्या पत्त्यावर जात नाही.

तिसरी वाट सगळ्यात गोड: ताब्यापर्यंत हप्ता बिल्डर भरणार. वाचायला छान. पण कर्ज कुणाच्या नावावर? बिल्डरने हात वर केले की वसुली तुमच्याकडून, सिबिल तुमचा खराब. दिल्लीच्या आसपास हजारो कुटुंबं याच सापळ्यात अडकली. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिल्डर आणि बँकांच्या संगनमताची चौकशी सीबीआयकडे सोपवली. बांधकाम जसं पुढे जाईल तसेच पैसे सोडा, हे रिझर्व्ह बँकेने बँकांना सप्टेंबर 2013 मध्येच बजावलं होतं.

बारा वर्षं कुणी ऐकलं नाही.

पण पैशाहून मोठं नुकसान पुढेच आहे, आणि त्याबद्दल साइट व्हिजिटच्या गाडीत कुणी अवाक्षर काढत नाही. रेरा कायद्याने घर घेणाऱ्याला आवाज दिला. कलम 13 सांगतं, नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरने दहा टक्क्यांहून जास्त घ्यायचं नाही. कलम 18 सांगतं, ताबा ठरल्या तारखेला नाही मिळाला तर पैसे व्याजासकट परत मागा. महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाकडे तक्रार करा, वकील नसला तरी चालतं.

करा ना तक्रार! करारात अठ्ठावीस लिहिलेत, ठरले होते पंचवीस. ओसीआर खोटी. बँकेला खोटे कागद देऊन कर्ज उचललेलं. ज्याने फसवलं त्याच्याकडे तुमची सही आहे. तुम्ही तोंड उघडलंत की पहिला प्रश्न तुम्हालाच.

याला म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

म्हणूनच राग येतो. दोन घरं असलेला माणूस या योजनेत जात नाही. जाते ती ठाकुर्ली-डोंबिवलीच्या भाड्याला कंटाळून लोकलचे दोन तास सोसायला तयार झालेली जोडी. ज्यांना कायद्याची गरज सगळ्यात जास्त, त्यांचीच कायद्याकडे जायची वाट पहिल्या दिवशी बंद केली जाते.

सरकारी अनुदानाचं नाव घेऊनही भुलवतात. शहरी पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, उत्पन्नाच्या आणि घराच्या किमतीच्या अटींत बसलात तर, व्याजावर जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार मिळतात. पण पाच वार्षिक हप्त्यांत, आणि तेही कर्जखात्यात. पहिल्या दिवशी लागणारा पैसा त्यातून उभा राहत नाही.

मग करायचं काय? जाहिरातीवर महारेराचा नंबर आणि क्यूआर कोड आहे का बघा. स्कॅन करा, ताब्याची तारीख वाचा. कोड नसेल तर का नाही ते विचारा. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवर किंवा आठपर्यंत सदनिका असतील तर नोंदणी सक्तीची नाही, आणि तिथे जास्तच सावध राहायला हवं. पगारातून पीएफ कापला जात असेल तर अटींत बसल्यास त्यातून घरासाठी पैसे काढता येतात, ते आधी तपासा. करार बाईच्या नावावर केलात तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे.

आणि एवढं करूनही अडीच लाख उभे राहत नसतील तर थांबा. पनवेल-कर्जत हा नवा लोकलमार्ग 29.6 किलोमीटरचा आहे, तो कुठे पळून जात नाही. आज बुकिंग केलं नाही तर भाव वाढतील, असं एजंट सांगेल. दरवर्षी सांगतो. पाण्यासाठी मे महिन्यात टँकर लागतो का, हे मात्र विचारल्याशिवाय सांगत नाही.

सही करण्याआधी त्याला एकच प्रश्न विचारा: “माझे अडीच लाख मी खरेच भरतो, करारात खरी किंमत लिहा. किती कमी कराल?”

आकडा सांगितला तर बोलणी सुरू करा. विषय बदलला तर परतीची लोकल पकडा.