जुन्या मोटरहोमचे अंतरंग : साहित्य, कृती आणि पथ्ये

जुन्या मोटरहोमच्या अंतर्भागाचे नूतनीकरण छपरावरून सुरू करावे, आणि तेही बाहेरच्या बाजूने. हा नियम विचित्र वाटतो म्हणून तो सहसा कोणी पाळत नाही. आधी पडद्यांचे कापड येते, त्यामागोमाग दिव्यांच्या माळा येतात, आणि छपराची आठवण पहिल्या पावसात होते.

प्रस्तुत विवेचन अमेरिकेत साधारण १९७५ ते १९९५ या काळात बांधल्या गेलेल्या 'क' वर्गाच्या गाड्यांपुरते आहे. तिकडे मोटरहोमचे तीन वर्ग मानतात. 'अ' म्हणजे बसएवढे धूड, 'ब' म्हणजे व्हॅनच्या पोटात बसवलेला संसार, आणि 'क' या दोहोंच्या मधला. फोर्ड ई-३५०सारख्या व्हॅनचे तोंड तसेच ठेवून तिच्या पाठीवर एक लांबट खोली चढवायची आणि चालकाच्या डोक्यावर बिछान्यासाठी माळा पुढे काढायचा, अशी याची रचना. माळ्याला समोरून खिडकी असते. ती खिडकी गळते. विकणारा ती गळत नाही असे शपथेवर सांगत असल्यास तिथे शेवटचा पाऊस कधी पडला ते विचारावे.

आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटी या छोट्या गावात विनेबागो कंपनीने १९६६ साली मोटरहोम बांधायला घेतली, आणि तोवर हौशी श्रीमंतांची असलेली ही वस्तू मध्यमवर्गाच्या अंगणात आली. स्वस्त करायचे तर लाकूड, पत्रा आणि डिंक यांवर भागवावे लागते. त्या भागवाभागवीचा हिशेब चाळीस वर्षांनी नव्या मालकाला, म्हणजे या विधीच्या यजमानाला, चुकता करावा लागतो.

भिंत कशाची असते हे यजमानाने आधी समजून घ्यावे. बाहेरच्या नागमोडी पत्र्यामुळे ती भक्कम दिसते, पण तो ॲल्युमिनियमचा पत्रा अंगठ्याने दबतो. त्याच्या आत दीड इंची लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, सांगाड्याच्या पोकळीत काचलोकर, आणि सर्वांत आत तीन मिलिमीटरचे प्लायवूड. त्या प्लायवूडवर लाकडाच्या रेषा छापलेला कागद चिकटवलेला असतो. खऱ्या लाकडावर खोट्या लाकडाचे चित्र लावण्यामागे कारखान्याचा काय विचार होता, हे शोधत बसू नये.

पाणी छपराच्या सांध्यातून शिरते, आतल्या पट्टीवरून उतरत जाते आणि शिरले तिथून पाच-सहा फूट लांब डाग होऊन प्रकट होते. डागाखाली भांडे ठेवणे हा यजमानाचा उपाय, आणि डागावर तसबीर टांगणे हा विकणाऱ्याचा. म्हणून खरेदीच्या वेळी भिंतीवर एखादे निसर्गचित्र दिसले तर तोंडभर स्तुती करून ते उचलून मागे पाहावे. पुढची परीक्षा बोटाची. प्लायवूड दाबल्यावर घट्ट लागले तर उत्तम. दबून तसेच राहिले तर ओल मुरलेली आहे. बोट आरपार गेले तर किमतीची बोलणी नव्याने सुरू करावीत. ओलावामापक मिळाला तर अधिक बरे. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही. वीसच्या वर गेला असेल तर ती यजमानाआधीच राहायला आलेली असते.

आता उलगडणे. कारखान्यात ही गाडी आतून बाहेर बांधत जातात. आधी जमीन तयार होते, जमिनीवर कपाटे, ओटा आणि बाकडी बसतात, मग भिंती आणून उभ्या करतात, भिंतीच्या मागून कपाटांत स्क्रू मारतात आणि बाहेरचा पत्रा शेवटी चढवतात. परिणामी कपाट ज्या स्क्रूंवर लटकलेले असते त्यांची डोकी पत्र्याच्या आड काचलोकरीत असतात. आतून कितीही शोधले तरी ती सापडत नाहीत. कपाट सोडवता येत नाही, फोडावेच लागते. अंगच्या चिकाटीने एखाद्याने ते अखंड सोडवलेच, तर दार जेमतेम दोन फूट रुंद असल्याचा शोध त्यानंतर लागतो. कपाट दारात अडकेल तेव्हा आपण बाहेरच्या बाजूला असू, एवढी काळजी यजमानाने घ्यावी. निघालेले स्क्रू बरण्यांत भरून प्रत्येक बरणीला चिठ्ठी लावावी. चिठ्ठीवर 'इतर' असे लिहू नये. तसे लिहिल्यास सगळे स्क्रू त्याच बरणीत जातात.

बाकाखाली आणि शेगडीमागे उंदरांची घरटी निघतील. या एका कलमापुरते गांभीर्य खरे आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या डियर माउस जातीच्या उंदरांच्या लेंड्यांतून आणि मुतातून हंता विषाणू पसरतो, आणि तो धुळीबरोबर श्वासात जातो. त्यामुळे केरसुणी किंवा व्हॅक्यूम लावू नये. आधी हवा खेळू द्यावी. हातमोजे घालून एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांच्या मिश्रणाने घरटे पाच मिनिटे भिजवावे आणि कागदाने टिपून टाकावे. जुन्या गाडीतली मूळ फरशी खरवडण्याआधी तिचा तुकडा ॲस्बेस्टॉससाठी तपासून घ्यावा.

कुजलेला सांगाडा कापून नव्या पट्ट्या बसवताना ओळंबा आणि पाणसळ यांचा उपयोग होत नाही, कारण गाडी स्वतःच अंगणाच्या उताराला कललेली असते. पाणसळीप्रमाणे सरळ बसवलेले कपाट गाडीच्या मानाने तिरके ठरते आणि गाडीच्या मानाने सरळ बसवलेले डोळ्यांना तिरके दिसते. गाडी आधी जॅकवर सपाट करून घ्यावी, किंवा मापे जमिनीच्या फळीवरून घ्यावीत. समोरासमोरच्या दोन भिंतींची मापे सारखी आली तर टेप तपासावी.

गळतीच्या सांध्यांना काय लावावे, यावर मतभेद पुष्कळ असले तरी काय लावू नये यावर जाणकारांचे एकमत आहे. ते म्हणजे सिलिकॉन. सिलिकॉनवर पुढे दुसरे काही चिकटत नाही, नवे सिलिकॉनसुद्धा नाही. ते मुळापासून खरवडल्याखेरीज सांधा पुन्हा बंद करता येत नाही. खिडकीच्या चौकटीखाली ब्यूटिलची पट्टी आणि छपरावर छपरासाठीच बनवलेले सीलंट, एवढेच वापरावे. आधीच्या मालकाने मात्र सिलिकॉनच वापरलेले असते, आणि तेही सढळ हाताने.

विजेचे प्रकरण थोडे नाजूक आहे. एकाच गाडीत तीन व्यवस्था नांदतात. पुढच्या व्हॅनच्या भागात काळी तार साधारणपणे ऋण असते. मागच्या खोलीत बारा व्होल्टच्या जोडणीत पांढरी तार ऋण आणि काळी बहुधा धन असते. त्याच खोलीत एकशेवीस व्होल्टचीही जोडणी असते, आणि तिथली काळी तार हात लावल्यास दया करत नाही. रंगावर विश्वास न ठेवता प्रत्येक तार मीटरने मोजावी. आधीच्या मालकाने केलेले जोड चिकटपट्टीवरून ओळखू येतात. हिरवी संपली की तो निळी वापरत असे. गॅसच्या नळीला यजमानाने हात लावू नये, ते काम परवानाधारकाचे. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळतीची घंटा जमिनीलगत बसवतात, आणि धूर वर जातो म्हणून धुराची छताला. दोन्ही एकाच उंचीवर ओळीने बसवल्यास शोभा येते, उपयोग जातो.

फ्रिज फेकण्याआधी त्याची ओळख करून घ्यावी. त्याला मोटर नसते. त्यात एका टोकाला ज्योत पेटते आणि दुसऱ्या टोकाला बर्फ होतो. आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन फिरत असतात, आणि ही युक्ती स्टॉकहोममधल्या बाल्ट्झर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये काढली. द्रव आपल्या वजनाने उतरतो म्हणून गाडी उभी असताना सपाट असावी लागते. कलत्या गाडीत तो बराच वेळ चालवला तर आतली नळी कायमची चोंदते. त्यामुळे डोंगरात मुक्काम करणाऱ्यांत दूध थंड राहावे म्हणून झोपताना चाकाखाली फळ्या सरकवण्याची प्रथा आहे.

नळकामाबद्दल थोडक्यात. करड्या रंगाचे पॉलिब्यूटिलीनचे पाइप निघाले तर सगळे बदलावेत, ते जोडांपाशी फुटतात आणि १९९५च्या सुमारास बाजारातूनच गेले. सांडपाण्याच्या टाक्या दोन. करड्या टाकीत मोरीचे पाणी, काळ्या टाकीत संडासाचे. काळ्या टाकीची झडप तपासताना तोंड मिटलेले ठेवावे.

येथवर आल्यावर रंग लावायची परवानगी आहे. सत्तरच्या दशकातली गाडी असेल तर आत अव्होकाडो हिरवा आणि मोहरी पिवळा सापडेल. ऐंशीच्या दशकातली असेल तर मळखाऊ तपकिरी आणि फिकट गुलाबी. सध्याचा प्रघात सगळे पांढरे करण्याचा आहे. 'फिक्सर अपर' ही घरांच्या नूतनीकरणाची दूरचित्रवाणी मालिका २०१३ मध्ये सुरू झाली तेव्हापासून अमेरिकेत पांढऱ्या फळ्यांचे पीक विशेष जोमाने आले. तेलकट छापील कागदावर साधा रंग धरत नाही. भिंत आधी सोड्याच्या पाण्याने पुसावी, पॉलिश पेपर हलका फिरवावा आणि घट्ट धरणारा प्रायमर लावावा. ही पायरी गाळल्यास रंग पहिल्या उन्हाळ्यात सालपटासारखा उतरतो आणि मूळचा अव्होकाडो हिरवा पुन्हा दर्शन देतो. चिकटवायच्या शोभेच्या टाइल्सही बंद गाडीतल्या उन्हात एकेक करून ओट्यावर उतरतात. गादीसाठी बाजारात 'क्वीन' मागू नये. मागच्या पलंगाची जागा पुष्कळदा 'शॉर्ट क्वीन'ची, म्हणजे साठ बाय पंचाहत्तर इंचांची असते. नेहमीची क्वीन पाच इंच लांब असते, आणि ते पाच इंच दाराच्या वाटेत येतात.

यानंतर वजन. दाराशेजारी किंवा चालकाच्या बाजूला एका पट्टीवर गाडीची कमाल वजनमर्यादा लिहिलेली असते, आणि सौंदर्याचे बहुतेक निर्णय तिच्या विरोधात जातात. ग्रॅनाइटचा ओटा, चिनी मातीच्या फरश्या, ओतीव लोखंडी बाथटब हे घरात शोभते. लिटरभर पाणी एक किलो भरते, हे टाकी भरण्याआधी आठवावे. 'द लाँग, लाँग ट्रेलर' या १९५४च्या चित्रपटात ल्युसिल बॉल प्रवासात आवडलेले दगड घरात जमवत जाते आणि पुढे डोंगराचा चढ येतो. हा विषय पाठ्यपुस्तकांनी इतक्या नेटकेपणाने कधी मांडलेला नाही. अमेरिकेतल्या मराठी घरातून निघालेल्या गाडीत दगड नसतात, पण कुकर, पोळपाट, पाट्याऐवजी घेतलेला मिक्सर आणि लोणच्याच्या बरण्या असतात, आणि त्या सर्वांत खालच्या कपाटात ठेवाव्यात. सामान भरून झाल्यावर गाडी ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर न्यावी. आकडा पाहून आधी लोणचे उतरवण्याचा मोह होईल, पण नव्वद टक्के वेळा दोष ओट्याचा असतो.

शेवटची पायरी चाचणीची. चांगल्या रस्त्यावर चाचणी घेऊन काही कळत नाही. खड्ड्यांचा रस्ता निवडावा, एकाने गाडी हळू चालवावी, दुसऱ्याने मागे पट्टा बांधून बसून आवाज लिहून घ्यावेत. थडथड म्हणजे खटका न लागलेला खण. करकर म्हणजे लाकडाला घासणारे लाकूड, तिथे नमद्याची पट्टी लावावी. किणकिण ताटल्यांची, त्यांच्यामध्ये कापड घालावे. टपटप ऐकू आल्यास आणि बाहेर पाऊस नसल्यास पाण्याचा पंप बंद करून जोड तपासावा. यांखेरीज एक बारीक टिकटिक उरते, जी गाडी थांबली की थांबते आणि कुठून येते ते कोणालाच सांगता येत नाही. तिच्यासाठी कपाटे पुन्हा उघडू नयेत. रेडिओ मोठा करावा.