मूळचे कुठले? : डोंबिवलीकर चिरंजीवांसाठी नमुना उत्तरे

प्रस्तुत मार्गदर्शिका डोंबिवलीत जन्मलेल्या, चौदा ते एकोणीस वयोगटातल्या चिरंजीवांसाठी आहे. कन्यांनीही वाचायला हरकत नाही. ‘मूळचे कुठले तुम्ही?’ हा प्रश्न याच वयात एकाएकी वाढतो. त्याआधी पाहुणे मुलाला गाणं म्हणून दाखवायला सांगतात, त्यानंतर पगार विचारतात. मधल्या काळात त्यांच्याजवळ विषय दोनच उरतात, टक्के आणि मूळ गाव. टक्क्यांचे उत्तर मुलगा स्वतःच्या कष्टाने तयार करतो. मूळ गावाचे उत्तर मात्र तीर्थरूपांनी पाठ करून घेतलेले असते, आणि सगळी गोची तिथेच आहे.

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की ‘डोंबिवली’ हे उत्तर कुणीही धरत नाही. “ते झालं रे, पण मूळचे?” असा उपप्रश्न येतोच. इथे जन्म झाला, इथेच गोवराची लस टोचली, दोन्ही गुडघे इथल्याच पेव्हर ब्लॉकवर फुटले, यातले काहीही पुरावा म्हणून चालत नाही.

नियम पहिला. तोंड उघडण्यापूर्वी प्रश्नकर्ता कुठला आहे ते पाहावे. तो नागपूरचा किंवा न्यू जर्सीचा असेल तर बिनधास्त ‘मुंबई’ म्हणावे. हेच उत्तर माटुंग्याच्या कॉलेजात दिले तर शेजारचा ‘मुंबईत कुठे?’ विचारतो आणि पितळ उघडे पडते. कागदोपत्री डोंबिवली मुंबईत कधी नव्हतीच. जिल्हा ठाणे, तालुका कल्याण. महापालिका १९८३ पासून कल्याणच्या भागीदारीत, आणि पाटीवर नाव दुसरे. पिनकोड ४०० ने नाही, ४२१ ने सुरू होतो. स्कूटरवर एमएच ०५. सीएसएमटीपासून अंतर साधारण ४८ किलोमीटर, पण दादरची मंडळी “रोज इतक्या लांबून येतोस?” असे विचारतात तेव्हा वाटेत एक मुक्काम होत असावा असा त्यांचा समज दिसतो. डोंबिवलीतच कुणी विचारले तर पूर्व की पश्चिम एवढेच सांगावे. पुलापलीकडे नातेवाईक राहत नसतील तर पलीकडची फारशी माहिती असण्याची अपेक्षा नाही.

नियम दुसरा. शहराची थोरवी सांगताना सिनेमाचा आधार घेऊ नये. ‘डोंबिवली फास्ट’ २००५ साली आला, राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेला, आणि त्यातला सरळमार्गी नोकरदार डोके फिरून बॅट उचलतो. २०२२ साली ‘झोंबिवली’ आला. म्हणजे मराठी सिनेमाच्या मते इथला माणूस एक तर बॅट घेऊन निघतो, नाही तर चावतो. हवापाण्याचा विषयही टाळावा. २०१४ साली इथे हिरवा पाऊस पडला, २०२० साली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. रंगपंचमीचा खर्च वाचतो असे एकदा म्हणून पुढे सरकावे, कारण बोलणे तिथून कारखान्यांतल्या २०१६ आणि २०२४ च्या स्फोटांवर जाते आणि तिथे हसण्यासारखे काही नाही.

त्याऐवजी अजिंक्य रहाणे पाठ करावा. जन्म संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, शाळा आणि पहिली बॅट डोंबिवलीची, रणजी मुंबईकडून. त्याच्या नेतृत्वाखाली भारताने २०२०-२१ च्या मोसमात ऑस्ट्रेलियात मालिका जिंकली, तेव्हा तिन्ही ठिकाणच्या लोकांनी त्याला एकाच वेळी ‘आपला’ म्हटले आणि कुणालाही अडचण वाटली नाही. मालिका जिंकली की मूळ गावाचा प्रश्न आपोआप सुटतो. ज्यांना तूर्तास ते शक्य नाही त्यांनी पुढे वाचावे.

नियम तिसरा तीर्थरूपांविषयी आहे आणि तो जरा लांबणार आहे.

उदाहरण म्हणून राजापूर तालुक्यातले एक कुणबी कुटुंब घेऊ. डोंबिवलीच्या कुठल्याही मजल्यावर असे एखादे सापडतेच. पाहुण्यांसमोर तीर्थरूप छाती काढून सांगतात, “आम्ही मूळचे राजापूरचे.” चिरंजीवांनी लगेच मान डोलवायची असते. डोलवावी. पण घरी आल्यावर शांतपणे हिशेब मांडावा. पणजोबा शेतावर राबले. आजोबा गिरणीत लागले आणि लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत आठ जणांत राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो रीतसर मिटलाच नाही. मग खोली पागडीवर गेली, थोडे पैसे गावच्या घराच्या कौलांना लागले आणि उरलेल्यांत डोंबिवलीत वन रूम किचन आले. तीर्थरूप तेव्हा शाळेत होते. म्हणजे राजापुरात ते राहिले किती? मे महिन्याच्या सुट्ट्या आणि गणपतीचे पाच दिवस, तेही रजा मिळाली तर. बाकी लहानपण लालबागला आणि पुढचे सारे आयुष्य डोंबिवलीत, त्यातला भला मोठा हिस्सा फलाट क्रमांक पाचवर.

हा हिशेब त्यांना दाखवू नये. त्याने काही सिद्ध होत नाही आणि जेवण शांततेत होत नाही. शिवाय गंमत अशी की तीर्थरूपांचा जीव राजापुरातही पुरता नाही. तो लालबागला अडकलेला आहे. झोपेत ते गावचे नाव घेत नाहीत, चाळीतल्या गॅलरीत खेळलेल्या क्रिकेटमधल्या भांडणांतली नावे घेतात. गणपतीत लालबागच्या राजाच्या रांगेत उभे राहताना त्यांचा चेहरा पाहावा. आणि हे सगळे असूनही कुणी डोंबिवलीला नावे ठेवली की सर्वांत आधी तेच उसळतात. शं. ना. नवरे इथे राहत होते, पु. भा. भावे इथे राहत होते, २०१७ चे नव्वदावे साहित्य संमेलन इथे झाले, गुढीपाडव्याची स्वागतयात्रा इथून सुरू झाली आणि मग बाकीच्यांनी उचलली, हे सगळे एका दमात ऐकवतात. पुस्तक शेवटचे कधी वाचले हे त्यांना विचारू नये. सकाळच्या गाडीत चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीने बसून वाचायचे म्हटले तरी हात वर होत नाहीत.

नियम चौथा. गावाला जावेच लागते. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते. त्या सकाळी घरातले सगळे मोबाइल, शेजाऱ्यांच्या वायफायसकट, कामाला लावावेत. गणपतीतली तिकिटे चहा गाळेपर्यंत संपतात. उरते दिव्याहून सुटणारी सावंतवाडीची गाडी किंवा रस्ता. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले. चिरंजीवांचा जन्मही त्याच सुमाराचा, आणि दोघांचेही काम अजून चालू आहे.

गावात पाऊल ठेवताच चिरंजीव ‘मुंबैकर’ होतात. माटुंग्याला जे मिळाले नाही ते इथे फुकट मिळते. घ्यावे आणि गप्प बसावे, कारण संध्याकाळी जाखडीच्या फेरात उभे केल्यावर पाय कुठले आहेत ते सगळ्यांना दिसतेच. चुलतभाऊ तालात गरगरतात. आपण मध्येच कुणाच्या तरी पाठीवर आदळतो. हसतील ते. उद्या पुन्हा बोलावतीलही. बोलावले की जावे. शिमग्याला पालखी घरी येते ती यापेक्षा मोठी गोष्ट, पण शिमगा आणि बोर्डाची परीक्षा एकाच सुमाराला येत असल्याने दहावी-बारावीचा चिरंजीव पालखी व्हिडिओ कॉलवर पाहतो आणि आईला कॅमेरा सरळ धर म्हणून सांगतो.

नियम पाचवा. ‘गावाला कधी जाणार?’ हा प्रश्न वर्गातल्या म्हात्रे, पाटील किंवा भोईर यांना विचारू नये. ते गावालाच आहेत.

हा मुलगा आगरी आहे. नांदिवली, आयरे, कोपर, मानपाडा ही ज्यांना रिक्षाच्या स्टँडची नावे वाटतात, ती त्याच्या आजोबांच्या भातखाचरांची आणि गावदेवीच्या जत्रेची नावे आहेत. मूळचे कुठले, या प्रश्नाला अख्ख्या वर्गात तोच जागेवरून न उठता उत्तर देऊ शकतो, आणि त्यालाच तो कुणी विचारत नाही. आसपासच्या २७ गावांचे तर आणखी वेगळे. १९८३ साली ती महापालिकेत घेतली, २००२ साली वगळली, २०१५ साली पुन्हा घेतली, मग त्यातली काही बाहेर काढायचे ठरले आणि प्रकरण कोर्टात गेले. तिथला माणूस ओट्यावर बसल्या बसल्या गावकरी, शहरी आणि पुन्हा विचाराधीन झाला. त्याच्या शेतावर उभ्या राहिलेल्या सोसायटीच्या गेटवर रखवालदार त्यालाच ‘किधर जाना है?’ विचारतो, तेव्हा मार्गदर्शन करण्यासारखे काही शिल्लक राहत नाही.

नियम सहावा. लोकलच्या दारात लटकू नये. हा नियम विडंबनाचा भाग नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसे गाडीतून पडून मेली. कॉलेजचे पहिले लेक्चर बुडाले तर बुडू द्यावे. वेळ असेल तर कल्याणला उलटे जाऊन तिथून बसून यावे. इथली मोठी माणसे वर्षानुवर्षे तेच करत आली आहेत.

नियम सातवा. दिवाळीच्या पहिल्या दिवशी अभ्यंगस्नान उरकून फडके रोडला हजर राहावे. गणेश मंदिरात दर्शन घ्यावे आणि मग रस्त्यावर नुसते उभे राहावे. दुसरा कार्यक्रम नाही. वाहन आणू नये. भेटायची जागा आदल्या रात्री ठरवावी, कारण त्या गर्दीत फोन लागेलच असे नाही. कुडत्याखाली स्पोर्ट्स शूज घालणाऱ्यांना कुणी काही म्हणत नाही, पण फोटोत ते दिसतात. पुण्याला, बंगळुरूला गेलेली शाळासोबती त्या सकाळी इथे परत दिसतात.

या रस्त्याबद्दल तीर्थरूपांना एकदा जरूर विचारावे. ते चष्मा पुसू लागतात. स्वयंपाकघरातून आईचे “सांगा की” येते. डोंबिवलीतल्या कित्येक तीर्थरूपांनी आपली भावी सौभाग्यवती पहिल्यांदा याच गर्दीत, रांगोळीच्या कडेला उभी असलेली पाहिली. तेव्हा चिरंजीवांचे मूळ शोधायला राजापूरपर्यंत जायची तशी गरज नाही. फडके रोडपर्यंत रिक्षा पुरते, आणि चालत गेलात तर रिक्षाही नको. पाहुण्यांना मात्र हे सांगता येत नाही. त्यांच्यासाठी “गाव राजापूर, आम्ही डोंबिवलीचे” हे उत्तर तयार ठेवावे. त्यात कुणाचाच अपमान होत नाही.

आता शेवटचा नियम. मूळ गावाला ज्यांनी आजवर टाळले त्यांना ते बारावीला गाठते. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी सरकार चिरंजीवांना ‘आज कुठे राहता’ असे विचारत नाही. १३ ऑक्टोबर १९६७ रोजी तुमच्या घरचे कायमचे रहिवासी कुठले होते, असे विचारते. (अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या तारखा वेगळ्या आहेत.) लालबागची खोली, डोंबिवलीचे वीजबिल, फडके रोडवरचे फोटो, काही उपयोगी पडत नाही. अर्ज मूळ गावाच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा, आणि त्यासाठी आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो, ज्यावर जात लिहिलेली असते. पणजोबा शाळेत गेलेच नसतील तर जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी. त्या कुणाच्या ओळखीने मिळतात, कुठल्या गुरुजींच्या काळातले रजिस्टर वाळवीने खाल्ले आणि कुठले वाचले, हे घरात फक्त तीर्थरूपांना ठाऊक असते. त्या दिवशी त्यांना मानाने गाडीत खिडकीची जागा द्यावी.

दाखला मिळाल्यावर त्याची जिल्हा समितीकडून पडताळणी करून घ्यावी लागते आणि तिला वेळ लागतो. बारावीच्या निकालानंतर तिथे रांग लागते, म्हणून अकरावीतच सुरुवात करावी. पणजोबांच्या दाखल्याच्या चार झेरॉक्स जास्त काढाव्यात, चुलतभावांनाही लागतील.